पाय फुटलेली अक्षरं

वर्षालीच्या अक्षरांना पाय होते. छापील इंग्रजी अक्षरांच्या टोकांना असतात तसे. दांडी जिथं संपते तिथं दोन्ही बाजूंना फुटलेले, रुंद आणि घट्ट. असा जाडजूड मराठी टाइप, म्हणजे फॉन्ट, आपण काढायचाच, हे तिनं हिंजवडीच्या कंपनीत मोबाइलसाठी बारीकसारीक चित्रं काढता काढता मनाशी धरलं होतं. सुट्टीच्या दिवशी काळेवाडीतल्या घरी ती एकेका अक्षराला भिडायची. जाड अक्षराचं दुखणं एकच. ते अंगानं वाढलं, की पोटातली मोकळी जागा बुजते आणि लांबून नुसता काळा गोळा दिसतो. एकट्या ‘क’चं पोट उघडं ठेवण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला होता.

टाइप पुरा झाला आणि त्याला पहिलं काम मिळालं तेही घराजवळच. वस्तीतल्या कामगारांनी मिळून वाचनालय उभं केलं होतं, त्याची पाटी. समितीचे बबनराव जन्मभर कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबून घडवण्यात राबलेले. त्यांनी फ्लेक्सला साफ नकार दिला; लोखंडाची अक्षरं बसवायची, रस्त्यावरनं जाणाऱ्याची मान वळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अक्षरं कापायला चाकणला युसुफभाईंच्या शेडमध्ये दिली. वर्षाली मुद्दाम बघायला गेली. आजवर तिनं ती पडद्यावर पाहिली होती, फार तर कागदावर. इथं मशीनचं तोंड जाड पत्र्यावरून सरकू लागलं, ठिणग्या उडाल्या, आणि ‘व’च्या पोटातला तुकडा सुटून खाली धाडकन पडला. ती दचकली. इतके महिने जी मोकळी जागा ती जिवापाड राखत आली होती, तिला एवढं वजन होतं!

तिनं आणि युसुफभाईंनी मिळून ‘व’ उचलला आणि भिंतीशी उभा केला. तो तिच्या खांद्याला लागत होता. तिनं त्याच्या पोटातून हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि तशीच उभी राहिली. युसुफभाईंनी चहा घेणार का म्हणून विचारलं, तेही तिला ऐकू गेलं नाही.

सगळी अक्षरं कापून झाली तशी पाटीच्या क्रमानं, तेवढ्याच अंतरानं भिंतीला टेकवून ठेवली. त्याच दुपारी युसुफभाईंच्या पत्नी खैरुन्निसा डोळ्यांच्या दवाखान्यातून परतताना शेडवर थांबल्या. नोकरीभर त्यांनी मराठी शिकवलेलं. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. शुगरनं त्यांची नजर मधोमध गेली होती. समोर पाहिलं की धूर, कडेनं काय दिसेल तेवढंच. पेपर सुटला होता. मथळे युसुफभाई वाचून दाखवायचे, आणि त्यांचे उच्चार बाई दुरुस्त करायच्या.

बाईंनी पहिल्या अक्षरावर तळवा ठेवला आणि दांडीवरून खाली पायापर्यंत नेला. मग त्या हळूहळू मागं सरकत दारापर्यंत गेल्या, आणि भलतीकडेच बघावं तसं तोंड ड्रिल मशीनकडे वळवून म्हणाल्या, “का. म. गा.”

कुणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं. युसुफभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

बाई मात्र पुढं अडखळल्या. “खा… खाचनालय? कामगा खाचनालय?”

शेडमधली कामाची पोरं हसली, युसुफभाईही हसले. वर्षाली हसली नाही. ती बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि डोळे बारीक करून बघू लागली. खरंच होतं. वाचनालयाची भिंत अपुरी म्हणून दोन शब्दांमधली जागा तिनंच दाबली होती. ‘र’चा पाय ‘वा’ला जाऊन भिडला होता आणि दोघांचा मिळून सरळसरळ ‘खा’ झाला होता.

“पोरी, र आणि व चिकटले की ख होतो,” बाई म्हणाल्या. “पहिलीच्या वर्गाला हेच सांगत आले मी. पण बाकीचं सगळं दिसलं मला. किती दिवसांनी मी काही वाचलं, माहितीये?”

वर्षालीनं बबनरावांना फोन लावला आणि पाटी एका ओळीत न करता दोन ओळींत करू म्हणाली: वर ‘कामगार’, खाली ‘वाचनालय’. खिडकीवरचा छज्जा आड येईल म्हणून ते थोडे कुरकुरले, मग छज्जाच काढायला तयार झाले. वर्षालीनं ‘र’चा पाय आखडता घेऊन तो नव्यानं काढला, आणि युसुफभाईंनी तेवढं एक अक्षर स्वतः उभं राहून पुन्हा कापलं.

पाटी चढवायच्या सकाळी हायड्रा क्रेन आली. विजेच्या तारा चुकवत ‘कामगार’ वर निघाला तसा रस्ता आपोआप थांबला. रिक्षावाले बाहेर वाकून बघू लागले, भाजीवालीनं तराजू तसाच हातात धरला. वर्षालीला वाटलं, ही अक्षरं आपण काढली? आपल्या त्या लहानशा टेबलावर?

समोरच्या फुटपाथवर युसुफभाई बाईंना घेऊन उभे होते. बाईंनी तोंड औषधाच्या दुकानाकडे वळवलं. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आलं. तो काय हवं म्हणून विचारू लागला. बाईंचे ओठ हलले. दोन्ही ओळी, न अडखळता.

मागं अक्षरं आणून रस्त्यातच उभ्या केलेल्या युसुफभाईंच्या टेम्पोमुळं हॉर्नचा गलका चालला होता. ते हळूच म्हणाले, “चला, वाचून झालं ना?”

“झालं,” बाई म्हणाल्या. “आता पुन्हा वाचतेय. थांबा जरा.”

युसुफभाई थांबले. वर्षाली रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ आली आणि पाटीकडे पाठ करून बाईंच्या ओठांकडे बघत राहिली.