नीना डोनेगॉलमध्ये आहे

उल्हास सबनीस बर्मिंगहॅमला आला तो जून २००२ मध्ये, आणि त्या दिवसापासून त्याने युनायटेड किंग्डमचा एकही नियम मोडला नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलमधला हिरवा माणूस उजळेपर्यंत तो फुटपाथवर उभा राही. लायब्ररीची पुस्तकं मुदतीच्या दोन दिवस आधी परत करी, वाचून झाली नसली तरी. कौन्सिलने कचऱ्याचा डबा सातला बाहेर ठेवा म्हटलं, की हा पावणेसातला डबा धरून दारात हजर.

हे सगळं चाललं होतं कायम राहण्याच्या परवानगीसाठी. वर्क परमिटवर चार वर्षं काढली की ती मिळायची. उल्हासची चार वर्षं भरायला दोन महिने उरले असताना सरकारने चाराची पाच केली. पुण्यात असता तर त्याने पेपरात वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र लिहिलं असतं. इथे त्याने मुकाट्याने नवं कॅलेंडर आणलं.

आता २००७ चा मे उजाडला होता. तीन आठवडे राहिले होते. फॉर्म भरून तयार होता, बायकोचं, नीनाचं, नावही त्यातच होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने घरात बसावं, दाराला आतून कडी लावावी.

पण पुष्कर हा त्याचा मित्र होता. पुष्कर बँकेत होता, दोन वर्षांपूर्वी ब्रिटिश नागरिक झाला होता, आणि पासपोर्ट बदलल्यावर माणसाला जे काही होतं ते त्याला झालं होतं. त्याने सायकल घेतली होती. तिचं वजन साडेसात किलो आहे, हे ओळख झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला तो सांगे. पुढच्या मिनिटाला, चाकं बदलून ते सात कसं करता येईल, तेही. स्वतःचं वजन तो सांगत नसे.

"अँट्रिमचा कोस्ट, यार, सायकलवर! एका बाजूला कडे, एका बाजूला समुद्र. वीकेंड आहे, बँक हॉलिडे आहे. बेलफास्टची फ्लाइट डोमेस्टिक आहे, तुला काय प्रॉब्लेम आहे?"

प्रॉब्लेम नव्हता. उल्हासने विमान कंपनीला दोनदा फोन करून नॉर्दर्न आयर्लंड युनायटेड किंग्डममध्येच आहे ना, याची खात्री करून घेतली. दुसऱ्यांदा फोनवरच्या बाईंनी "अजून तरी आहे" असं सांगितलं.

पहिला दिवस अँट्रिमच्या किनाऱ्याने गेला, म्हणजे गेला असावा. पाऊस एवढा होता की उल्हासला सहा तास पुष्करचं मागचं चाक तेवढं दिसलं. दुसऱ्या दिवशी डेरी नावाच्या गावाहून निघून उत्तरेला थेट अटलांटिक गाठायचा, असा बेत होता. नकाशा पुष्करने ऑफिसच्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात छापून, चार कागद चिकटवून तयार केला होता. त्यावर बऱ्याच तुटक रेषा होत्या. काही पायवाटांच्या होत्या, काही कशाच्या ते कळत नव्हतं. नॉर्दर्न आयर्लंडच्या उत्तरेला जे असेल ते आणखीच नॉर्दर्न असणार, हा तर्क कोणत्याही इंजिनियरने केला असता. हे दोघेही शिक्षणाने इंजिनियर होते.

नीना भाड्याच्या गाडीतून पुढे गेली. तिच्याकडे धपाटे होते, दही होतं, लसणाची चटणी होती आणि पर्समध्ये दोघांचे पासपोर्ट होते. ती एक वाजता समुद्रावर भेटणार होती.

शेतांमधून जाणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर उल्हासला वेगमर्यादेची पाटी दिसली. दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपणं, समोरून मेंढी आली तर एकाने माघार घ्यावी, एवढीच रुंदी. पाटीवर लिहिलं होतं ८०.

"पुष्कर, थांब! ऐंशी असूच शकत नाही. या देशात मोटरवेलासुद्धा सत्तर मैल आहेत."

"खेड्यात चालतं रे."

"चालतं म्हणजे? कायदा आहे." पुढच्या वळणावर टपालपेटी ब्रिटनसारखी लाल नव्हे, हिरवी निघाली. तेवढ्यात उल्हासच्या खिशात फोन मेसेजने थरथरला. आयर्लंडमध्ये त्याचं मनःपूर्वक स्वागत झालं होतं.

पुष्करने नकाशा हँडलवर पसरला आणि एका तुटक रेषेवर बोट ठेवलं. "अच्छा! म्हणजे ही पायवाट नव्हती, बॉर्डर होती. हे डोनेगॉल, आयर्लंड देशातलं." मग तो हसला. "चिल! इथे चेकिंगबिकिंग काही नसतं. मी तर किती वेळा—"

"तू ब्रिटिश आहेस! माझ्याकडे इथला व्हिसा नाहीये. तीन आठवडे राहिलेत, पुष्कर. तीन!" आणि मग त्याला दुसरी गोष्ट आठवली. "नीना. नीना पुढे गेलीय."

नीनाचा फोन लागत नव्हता. शेवटी असं ठरलं, की राणीची प्रजा म्हणून पुष्करने पुढे जावं आणि नीनाला परत आणावं, आणि उल्हासने मागे हद्दीत जाऊन थांबावं. पुष्कर साडेसात किलो दामटत गेला. उल्हास एक मैल मागे आला. एका जागी काळं डांबर संपून राखाडी लागत होतं. राखाडी बाजूला त्याने सायकल उभी केली, दगडी कुंपणावर बसला, आणि पाचही वर्षांत सोडला नव्हता एवढा मोठा निःश्वास सोडला.

तो दहा मिनिटं पुरला. मग विचार सुरू झाले. नीनाला कोणी अडवलं तर? तिला काही झालं तर? नवरा म्हणून पुढे जावं, की अर्जदार म्हणून मागे राहावं? दोनदा तो उठला. दोनदा पुढचं चाक काळ्या डांबरापर्यंत नेलं, आणि दोन्ही वेळा अर्जदार जिंकला. पाऊस आला, गेला. पलीकडच्या गाई सगळ्या एका ओळीत उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या.

दीड तासाने गाडी आली. नीना चालवत होती. मागोमाग दुसरी गाडी होती आणि तिच्यावर गार्डा असं लिहिलं होतं. म्हणजे आयर्लंडचे पोलीस, एवढं उल्हासला माहीत होतं.

नीना खाली उतरली. "अरे, तू इथे? मी तिथे वाळूत चादर धरून बसलेय, निम्मे धपाटे सीगलनी नेले, आणि तू भिंतीवर?"

"हळू बोल. पुष्कर कुठाय?"

"मला काय माहीत? तुझ्याबरोबर होता ना?"

"त्याला तुला आणायला पाठवलंय. नीना, तू परदेशात होतीस."

"माहितीये की. पाट्या आयरिशमध्ये होत्या. मला डोळे आहेत."

"मग लगेच परत का नाही आलीस?"

"तू मागून येतोयस, म्हणून थांबले," नीना म्हणाली. "तुला टाकून येणार होते का?"

उल्हासने भिंतीवरचं शेवाळ बारकाईने पाहिलं.

गार्डा पन्नाशीचा, सुखवस्तू माणूस होता. त्याच्या मिशीला लसणाची चटणी लागली होती आणि डोळ्यांत तिचंच पाणी होतं. "मिस्टर सबनीस? मिसेसनी चौकात मला विचारलं, नवरा हरवलाय म्हणून. सापडलात, छान झालं."

पाच वर्षांचं शुद्ध चारित्र्य उल्हासच्या घशाशी आलं. "सर, मी एकवीस मिनिटं तुमच्या देशात होतो. विनाव्हिसा. चूक माझी आहे. कळल्याबरोबर परत आलो."

"परत कुठे आलात?"

"इथे. डांबर बदलतं तिथे."

गार्डाने डांबराकडे पाहिलं, मग उल्हासकडे. "डांबर काय, संपलं की बदलतं. बॉर्डर तिकडे खाली, ओढ्यावर. तो लाल ट्रॅक्टर दिसतो? त्याच्याही पलीकडे."

"म्हणजे मी दीड तास..."

"आमच्याकडेच होतात. त्रास मात्र काही दिला नाहीत."

"तुम्ही रिपोर्ट कराल?"

"काय लिहू? एक माणूस भिंतीवर बसला होता? वरिष्ठ विचारतील, मग?" त्याने मिशी पुसली, ते बोट नकळत डोळ्याला लावलं आणि थोडा वेळ आंधळेपणाने उभा राहिला. "मला आत्ता तसंही काही दिसत नाहीये. ओढा ओलांडा म्हणजे झालं. बाई, ते लाल काय होतं, त्याची रेसिपी माझ्या बायकोला देऊ नका."

तो गेला. नीनाने डिकी उघडली आणि सायकल आत कोंबायला लागली.

"फॉर्ममध्ये लिहावं लागणार," उल्हास म्हणाला. "देशाबाहेर गेलात का, तारीख, कारण. खाली सही आहे, सगळं खरं आहे म्हणून."

"मग लिही."

"परवानगी नाकारली तर? पाच वर्षं, नीना. तुझीपण."

"मग पुण्याला जाऊ. तिथे ऐंशीची पाटी बघून कोणी रडत नाही." तिने डिकी आपटली. "कारण काय लिहिशील?"

उल्हासने विचार केला. चुकून गेलो, हे पहिल्या एकवीस मिनिटांपुरतं खरं होतं. बायकोला आणायला गेलो, असं लिहिता आलं असतं, पण गेला नव्हता. "बायकोबरोबर होतो, असं लिहितो."

"बायकोबरोबर अजून आहेस कुठे?" नीना म्हणाली, आणि तिने गाडीचं डावीकडचं दार उघडलं. "पुष्कर तिकडे मला शोधत फिरतोय. त्याला आणायला कोणीतरी जायला हवं. मी चाललेय."

खाली ओढा होता. मैलभर उतार, पाय न मारता सायकल गेली असती. उल्हासने लाल ट्रॅक्टरकडे पाहिलं.

तो गाडीत बसला. सीटबेल्ट लावला. नीनाने गाडी उत्तरेकडे वळवली, तेव्हा त्याने घड्याळात पाहून वेळ लक्षात ठेवली.

"वेग जरा कमी कर," तो म्हणाला. "ते ऐंशी किलोमीटर आहेत."