मामाजीनं कम्प्युटर जुपून पाह्यला

आमच्या मामाजीचं, म्हंजे माझ्या सासऱ्याचं, नाव मारोतराव. बोलले ते बोलले, मागं सरणं नाही. म्हून तं आदिलाबादजवळचं आमचं सारं इचोडं गाव त्यायच्या शब्दाले मान देते. पण शहाण्णव साली ढाब्यावर चहा पिता पिता त्यायनं सांगून टाकलं, "सुनेच्या दुकानाले कम्प्युटर आणून राह्यलो. साऱ्यात मोठ्या कोठ्याचा!" अन् माझं डोकंच फिरलं.

कोठा म्हंजे हार्ड डिस्क. मीच बोलून बसली होती, की दुकानातल्या साऱ्या लग्नपत्रिका त्याच्यात साठून राह्यतेत. कापूसवाल्या माणसाले कोठा म्हटलं की झालं! घरी कोठा नसला तं कापूस येईन त्या भावात जाते, हे त्यायनं जन्मभर पाह्यलेलं. मेमरी जास्त लागते हे मी सांगतलं ते मात्र ह्या कानानं आत अन् त्या कानानं बाहीर.

आदिलाबादले दुसऱ्याच्या दुकानात बसून मी लग्नपत्रिका कराले शिकली होती. आमच्याकडची पत्रिका म्हंजे खेळ नाही बाप्पा! एकीकडून मराठी, एकीकडून तेलुगू, वर गणपती, अन् खाली मामा-मावशा-आत्या साऱ्यायची नावं. एक नाव सुटलं की भर मांडवात रुसवा. आता इचोड्यात माझं सोताचं दुकान होणार होतं. मशीन एकदाच येणार. ती अडली तं दुकान बंद, अन् मंग "सुनेचं आयकलं, पाहा काय झालं" म्हणाले सारे मोकळे. पुढं माझ्या शब्दाले कोण इचारते?

आदिलाबादच्या कम्प्युटरवाल्या शेटनं दोन मशिनी दाखवल्या. किंमत सारखीच. एकीची डिस्क मोठी, मेमरी आठ एमबी. दुसरीची डिस्क अर्धी, पण मेमरी सोळा.

"काका, बडी डिस्क लो," शेट म्हणे. "जिंदगीभर भरेगी नहीं."

"हेच बांध," मामाजी म्हणाले.

मले राह्यवलं नाही. "मामाजी, डिस्क कोठा हाये अन् मेमरी खळं हाये. काम सारं खळ्यात होते. खळं बोटभर असलं तं ज्वारी मळसान कुठं?"

"खळं वावरात कुठं बी होते, पोरी. कोठा बांधा लागते."

घ्या! पालथ्या घड्यावर पाणी. मी पदर खोचला अन् जरा मोठ्यानंच बोलली, "बैल घेता तवा काय मालकाच्या बोलण्यावर घेता?"

बैलाचं नाव काढलं अन् मामाजी माझ्याकडं वळले. आमच्याकडं बैल घ्याचा तं बंडी भरतेत, चाक दोरानं बांधतेत अन् मंग त्याले जुपतेत. ओढली तं सौदा, नाही तं रामराम. मामाजीनं कधी न जुपता बैल घरी आणला नाही.

"शेट," ते म्हणाले, "दोन्ही जुपा."

"मतलब?"

"मतलब हिले बसू द्या. भरली बंडी ओढून पाहू द्या."

पयले मोठ्या डिस्कवाली. मराठी बाजू झोकात झाली. मामाजी माझ्याकडं पाहून मिशीत हासले. गणपती टाकला, तिले जरा दम लागला. तेलुगू बाजू उघडली अन् मशीन जागच्या जागी बसली. आतून नुसती कुरकुर. शेट म्हणे, "दो मिनट." चहा आला, थंडा झाला, तरी अर्धी पत्रिका पांढरीच.

मंग दुसरीवर तेच काम केलं. मराठी, गणपती, तेलुगू, सारं सरसर उघडलं. मी नावं मांडली, मामाचं नाव मोठं केलं, पुन्हा लहान केलं. कुठं अडली नाही माय! मले तं नाचावंसं वाटलं.

शेट घाईघाईनं म्हणे, "काका, बडी वाली में मेमरी बाद में डाल देंगे."

"बैलाले पाय बाद में लावतेत का?" मामाजी म्हणाले. शेट बी हासला.

पण साऱ्या ढाब्याले शब्द देऊन बसलेला माणूस, आता मागं कसा सरन?  मामाजीनं लहान डिस्कवालीवर हात ठेवला. "हे दे."

इचोड्याले खोके घेऊन जीपमधून उतरलो तं ढाब्यावरची मंडळी जमलीच. त्यायच्यातल्या चंपतरावानं पयलाच सवाल टाकला, "मारोतराव, केवढा कोठा आणला?"



"लहान आणला," मामाजी म्हणाले. साऱ्यायले आयकू जाईन असं म्हणाले. "मी चुकीचं बोललो होतो. सून खरं सांगून राह्यली होती अन् मी आयकत नव्हतो."

कोणी हासलं नाही. असा माणूस मी दुसरा पाह्यला नाही, खरंच सांगते. चूक तं सारेच करतेत. चार माणसायत असं सरळ उभं राहून कोण सांगते?

"मंग ह्याच्यात मोठं काय हाये?" चंपतरावानं इचारलं.

"मले काऊन इचारता? तिले इचारा."

त्या ढाब्यासमोरून मी लग्न झाल्यापासून मान खाली घालूनच गेली होती. सासऱ्याच्या बरोबरीच्या माणसाशी बोलाची आमच्यात रीतच नाही. चंपतराव खाकरले, माझ्याकडं वळले अन् म्हणाले, "सांग बाई, काय आणलं?"

मी मामाजीकडं पाह्यलं. ते बाजूले सरून उभे राह्यले होते, साऱ्यायसंगं आयकाले. मी पदर सावरला अन् सांगाले लागली.