संबंध नसलेलं कार्ड

तापसी मृधाचं नाव भारतीय महिला रग्बी संघात आलं, तेव्हा मुलचेरा तालुक्यातल्या तिच्या गावाला रग्बी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. जिल्ह्यालाही नव्हतं. पण जिल्ह्याला सत्कार माहीत होता. पहिल्या आठवड्यात चार झाले. माजी सभापती गुणवंतरावांनी चौकात लावलेल्या बॅनरवर तिच्या हातात व्हॉलीबॉल होता. नाव बरोबर होतं, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

खेळ तिला माधवी मेश्राम या क्रीडाशिक्षिकेनं शिकवला. कबड्डीत ही मुलगी समोरचीला कमरेतून उचलून पाडते, हे पाहून माधवीबाईंनी कुठून तरी एक लांबट चेंडू आणला. सहा वर्षांत तापसी जिल्हा, राज्य करत इथवर पोचली. आता स्पर्धा क्वालालंपूरला होती आणि तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. बारा तारखेपर्यंत पासपोर्टचा नंबर आला नाही तर राखीव खेळाडू जाईल, असं संघटनेनं कळवलं होतं.

अर्जाला आधार आणि दहावीची सनद पुरेशी होती. वडील निखिल मृधा यांनी तिसरा कागदही जोडला. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे हरिपद मृधांचं, १९६४ सालचं निर्वासित कार्ड. कोणी मागितलं नव्हतं. पण पूर्व बंगालातून आणून इथल्या जंगलात वसवलेल्या या माणसांना साठ वर्षं रेशन, जमीन, मतदारयादी, प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न कार्डाचाच आला होता. खिडकी दिसली की कार्ड काढायचं, ही घराची रीत होऊन बसली होती. निखिलनं मूळ प्रतच दिली. झेरॉक्सवर साहेबांचा विश्वास बसत नाही, असा त्याचा अनुभव होता.

दोन कागदांवर निघाला असता तो अर्ज तिसऱ्यामुळे अडला. ‘अर्जदाराच्या आजोबांचा जन्म परदेशातील. नागरिकत्वाची खात्री करावी,’ असा शेरा पडून फाइल जिल्ह्याच्या एका कार्यालयात आली. खात्री ज्या साहेबांनी करायची, तेच त्या रविवारी पाचव्या सत्काराचे अध्यक्ष होते. त्यांनी तापसीला शाल-श्रीफळ दिलं आणि ‘या मातीची लेक’ म्हणून वीस मिनिटं भाषण केलं. सोमवारी तापसीनं त्यांना तेवढं एक वाक्य लेटरहेडवर मागितलं. भाषण वेगळं आणि फाइल वेगळी, असं साहेबांनी शांतपणे समजावलं.

बारा तारखेला आठ दिवस उरले होते. त्या कार्यालयातल्या प्रफुलबाबूंनी बापलेकीला बाजूला घेतलं. माणूस चांगला होता.

“दादा, हे कार्ड जोडाले तुमाले कोनं सांगतलं?”

“कोनी नाई.”

“तेच तं. आता एक अर्ज द्या. कार्ड चुकून लागलं, अर्जदाराशी त्याचा काही संबंध नाई. कागदच नाई, तं शंका कशाची?”

निखिलनं विचारलं, “संबंध नाई म्हंजे, बाप नाई म्हनून लिहू का मी?”

“बाप राहू द्या ना. फक्त कार्ड नाई.”

प्रफुलबाबूंनी पुढे केलेला आखीव कागद तापसीनं उलटा करून ठेवला. “नका लिहू, बाबा. मी नाई जात.”

निखिलनं मुलीचा एकही सामना पाहिला नव्हता. त्यानं कागद सुलटा केला, प्रफुलबाबूंनी सांगितलं तसं लिहिलं आणि खाली सही केली. प्रफुलबाबूंनी कार्डावर ‘असंबंधित’ असं लाल शाईनं लिहून ते फाइलच्या तळाशी लावलं. साहेबांची खात्री त्याच दुपारी पटली.

पासपोर्ट सहा दिवसांत आला. क्वालालंपूरला भारत दोन सामने हरला, एक जिंकला. जिंकलेल्या सामन्यात तापसीनं एकोणीस टॅकल केले आणि तिच्या भुवईला चार टाके पडले.

ती परतली त्या आठवड्यात नागपूरहून एका वाहिनीचे लोक आले. त्यांना ‘निर्वासित कुटुंबातली कन्या’ हवी होती. त्यांना घेऊन गुणवंतराव थेट घरी आले. निखिलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “निखिलदादा, तुमच्या बापाचं ते जुनं कार्ड काढा ना. पोरीच्या हातात देऊन फोटो घेऊन राह्यले हे लोक. देशभर दिसन.”

निखिलनं पाहुण्यांसाठी खुर्च्या सरकवल्या.

“त्या कार्डाशी आमचा काही संबंध नाई, भाऊ,” तो म्हणाला. “तसं लिहून देल्लं हाये.”