अरबाबची ठासणीची बंदूक

फुजैराच्या बंदरात जहाजांना किराणा नि दोरखंड पुरवणाऱ्या कंपनीत मी बावीस वर्षं खर्डेघाशी करतोय. बंदुकीचा सल्लागार म्हणून माझी नेमणूक कधी झाली, ते मात्र मला कळलंच नाही. चूक माझीच. रमजानात ऑफिसच्या इफ्तारीला मी फुशारकी मारली, की रत्नागिरीकडे आमच्या घरी ठासणीची बंदूक होती आणि मी तिने रानडुकरं लोळवलीत. झालं. पुढे आमच्या अरबाबना, म्हणजे मालकांना, अमेरिकेतल्या मित्राने शिकारीला बोलावलं. तिथे म्हणे एक मोसम फक्त ठासणीच्या बंदुकांचा असतो. बंदूक तो मित्रच घेऊन ठेवणार होता, फक्त कुठली ते कळवायचं होतं. तेव्हापासून माझ्यामागे एकच लकडा, खैरुद्दीन, कुठली घेऊ?

एक जुन्या वळणाची. लाकडी दस्ता, बाजूला घोडा, सुटी दारू मोजून नळीत ओतायची. दुसरी नवी. ठिणगी पाडणारी केप सरळ दारूच्या मागे, दारूच्या तयार वड्या, वर दुर्बीण, आणि मागचा स्क्रू काढला की नळी आरपार धुता येते. एके दिवशी अरबाबना जुनी आवडायची, मी म्हणायचो, शान आहे. दुसऱ्या दिवशी नवी, मी म्हणायचो, सोय आहे. होला हो करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तीन आठवडे हेच दळण चाललं होतं आणि माझं डोकं उठलं होतं.

कारण माझा सुट्टीचा अर्ज त्यांच्या टेबलावर सहीविना पडला होता. शुक्रवारी माझ्या एकुलत्या लेकीचा, सफाचा, निकाह. अर्जात मी नुसतं 'घरगुती काम' लिहिलं होतं. लेकीचं लग्न मालकाच्या कानावर घालणं म्हणजे हात पसरणं, असं आमच्याकडे मानतात. अरबाब रोज म्हणायचे, "यल्ला, आधी बंदूक ठरव, मग जा."

बुधवारी सकाळी बायकोचा, जहांआराचा, फोन आला. काझी विचारत होते, निकाहाला बापाच्या जागी बदरुद्दीन चाचाला बसवायचं का. सफा काल रात्रीपासून जेवली नव्हती.

मी तडक केबिनमध्ये गेलो. अरबाब दोन्ही फोटो पुढ्यात घेऊन बसले होते. म्हणाले, लाकडाची मजा नवीत नाही, नाही का? माझा तोल सुटला.

"नवी घ्या," मी म्हणालो. "मी आयुष्यात चाप ओढलेला नाही. दहा वर्षांचा होतो. असल्याच जुन्या बंदुकीत दवाने अब्बांची दारू सादळली, बार उडालाच नाही आणि डुकराचा सुळा त्यांच्या मांडीत घुसला. मी झाडावरच्या माचावर बसून रडत होतो. ते मरेपर्यंत लंगडत चालले. आणि परवा माझ्या मुलीचा निकाह आहे."

अरबाबनी फोटो बाजूला सारले. अर्ज पुढे ओढून वाचला, सही केली, आणि आजच्याच विमानाचं तिकीट काढायला बाहेर सांगितलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तीन आठवडे मी तुला रोज बोलावत होतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी मनातलं बोलतो."

अर्ज घेऊन मी बाहेर आलो. तीन आठवडे साठवलेला राग काढायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.