उघडायची सोय नको

"पण ओरडू काय?" खिडकीच्या आत उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"म्हणा, पुढे सरका, दारात गर्दी करू नका. अगदी पोटातून म्हणा." तिने गॅलरीतून तावदान स्वतःच्या हाताने सरकवून बंद केलं आणि काचेला कान लावला.

खिडक्या बसवणारा कारागीर शेजारी कपाळाला हात लावून उभा होता. आपलं जुनं काम दाखवायला म्हणून त्याने तिला या घरी आणलं होतं. गिऱ्हाइकं फार तर काचेवर बोट फिरवून बघतात. ही बाई परक्याच्या घरात शिरून घरच्या बाईलाच ओरडायला लावत होती.

"येतंय," ती म्हणाली. "बारीक, पण येतंय."

"सरकती खिडकी आहे, मावशी. फटीतून थोडं येणारच. त्या टोकाची बघा. ती दुहेरी काचेची आहे, कायमची बंद."

घरच्या बाईंना एव्हाना चेव चढला होता. त्या टोकाच्या खिडकीशी गेल्या आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडल्या. बाहेर नुसतं त्यांचं तोंड दिसलं.

"हीच बसवा."

"ही उघडत नाही हं. उद्या माझ्या नावाने बोटं मोडाल."

"उघडायची सोय नकोच आहे."

कारागिराने खांदे उडवले. त्याच्याआधी आलेला दुसरा माणूस तिने दारातूनच परत पाठवला होता. तो गोड बोलत होता, माप न घेताच सगळ्याला हो म्हणत होता, आणि तिला आता हो म्हणणाऱ्यांची धास्ती वाटायची. मुलगाही आधी असाच हो म्हणाला होता. बाबांना शेवटपर्यंत घरातच ठेवायचं, हो. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि एके दिवशी जेवता जेवता, ताटातून नजर वर न उचलता तो म्हणाला,

"आई, पुन्हा कुणी दारात आलं ना, तर मी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. मग रडायचं नाही."

नवऱ्याने उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली होती. आता स्मरण गेलं होतं, पाय गेले होते, आवाज तेवढा शाबूत होता. पलंग खिडकीपाशी आणि खिडकीखालीच बसचा थांबा. खाली गाडीचा ब्रेक लागला, की वर याची ड्यूटी सुरू. "पुढे सरका! सुटे पैसे हातात ठेवा!" मग पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमच्याने दोनदा टण् टण्, आणि खाली गाडी खरंच सुटायची. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते तिने संसारात फार थोड्या वेळा पाहिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं मात्र त्या टण्टणाटाने डोकं उठायचं. त्यांचं तरी काय चुकत होतं?

तेव्हा खिडकी नीट बसायला हवी होती. एवढीशी फट राहिली असती, तर नवरा हातचा गेला असता. काम चालू असताना ती कारागिराच्या मागे पिशाच्चासारखी लागली. या कोपऱ्यात बोट जातंय, तिथे पुन्हा भरा. इथे रबर उचललंय. तो वैतागला, पण काम त्याने चोख केलं. शेवटी ती खाली थांब्यावर जाऊन उभी राहिली. वर काचेमागे नवऱ्याचं तोंड सवयीने उघडमीट होत होतं. खाली काही म्हणजे काही आलं नाही. तिला इतका आनंद झाला, की बसची वाट बघणाऱ्या एका परक्या बाईकडे बघून ती हसली.

ती वर आली, तेव्हा तो खिडकीकडे टक लावून बसला होता.

"गाडी बंद पडली का?"

"नाही हो. चालू आहे."

त्याने कान देऊन ऐकलं. चमचा दांडीवर टेकवला, पण वाजवला नाही.

त्यानंतर तो ओरडला नाही. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. पुढे तो भिंतीकडे तोंड करून पडू लागला. भरवलेला घास गालातच धरून ठेवू लागला. खाली गाड्या येत होत्या, जात होत्या. ती पलंगाशी बसून काचेतून बघायची. माणसं चढत होती, उतरत होती, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर होती. त्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने एवढी पायपीट केली. बाहेरचा आवाज आत यायला हवा, हे काही तिला सुचलं नाही.

तिने कारागिराला फोन केला.

"ती उघडेल असं काही करता येईल का?"

"काय झालं? आवाज येतोय का?"

"नाही."

"मग? फोडूनच काढावी लागेल, मावशी. तुम्हीच म्हणालात, उघडायची सोय नको."

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "फार उपकार झाले हो. घरात माणूस आहे की नाही, कळतसुद्धा नाही."

संध्याकाळी मुलगा बापाच्या खोलीत डोकावला. "बघ, किती शांत झालेत. कारागीर चांगला शोधलास, आई."

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण खिडकी फोड म्हणायचं तर कोणत्या तोंडाने म्हणायचं? ती फुटली, की बाप वृद्धाश्रमात.

मुलगा गेल्यावर ती नवऱ्याच्या उशाशी बसली. खाली बस येऊन थांबली. उशीखालचा चमचा काढून तिने पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवला. टण् टण्.

त्याने डोळे उघडले. शेवटचा थांबा आला तरी जागा न सोडणाऱ्या उतारूकडे बघावं, तसं त्याने तिच्याकडे बघितलं.

"उतरा बाई," तो हळूच म्हणाला. "ही गाडी पुढे जात नाही."

तिने चमचा त्याच्या हाताशी ठेवला आणि ती पलंगावरून उठली.