गाठीतला गुलाबी रंग

रान कायम मक्याचं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू त्यात नव्हते, म्हणून हार्बिनच्या शेतकी कॉलेजातून शिकून आलेल्या सूयुननं बियाण्याला जिवाणूंची काळी पूड चोळली. तिच्या शब्दावर बाबांनी यंदा युरियाही आणला नव्हता. ती हात धुऊन येते तो बाबांनी नेहमीसारखं बियाणं चटईवर उन्हात पसरलेलं!

"बाबा, उन्हानं मरतील ना!"

"ऊन दाखवल्याशिवाय बी पेरलंय का मी कधी?"

"बी नाही हो, जिवाणू!"

दोघांनी चटई ओढत सावलीत नेली आणि लगेच पेरणी केली.

चाळीस दिवसांनी सूयुननं एक रोप उपटलं. मुळांवर गाठीच गाठी! एक नखानं चिरली, तर आत गुलाबी.

"जगले! गुलाबी म्हणजे कामालाही लागले!"

बाबांनी दुसरं उपटलं, मग तिसरं.

"बाबा, सगळं रान उपटाल!"