पुसायचं बटण

थोरल्याची एक खोड आईला अजिबात खपत नसे: दुसरा चुकला की हा दात काढायचा. दर रविवारी तो कॉम्प्युटर क्लबात जाई. तिथे सगळे प्रोग्रॅम लिहिणारेच. एकमेकांचे प्रोग्रॅम चालवून बघायचे आणि एकमेकांची पाठ थोपटायचे. दवाखान्यासाठी त्याने लिहिलेला प्रोग्रॅमही तिथेच पास झाला. तो रोज वापरणार होती त्याची धाकटी बहीण, त्या दवाखान्यातली नर्स. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

नोंद ठेवायचं आणि पुसायचं बटण अगदी शेजारी-शेजारी होतं. घाईत तिचं बोट घसरलं आणि एका पेशंटला कुठलं इंजेक्शन सोसत नाही, ती नोंदच पुसली गेली. "नक्की पुसू का?" एवढंही मशीनने विचारलं नाही. पुढच्या पाळीच्या नर्सने तेच इंजेक्शन दिलं आणि माणूस हकनाक गेला.

दवाखान्याने धाकटीला घरी बसवलं आणि चौकशी लावली. चौकशीच्या आदल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि थोरला क्लबाला निघाला होता.

"उद्या जाऊन खरं काय ते सांग," आई म्हणाली.

"क्लबात एकालाही अडचण आली नाही, आई. ही पहिल्यापासून वेंधळी, त्याला मी काय करू?" बूट चढवत तो हसला.

आई दारात आडवी उभी राहिली.

"कठडा न बांधता विहीर खणलीस, ते एक वेळ पोटात घालीन. पण पडलेल्या बहिणीला वरून आंधळी म्हणतोस? उद्या चौकशीला गेला नाहीस, तर जेवायलाही क्लबातच जा. या घरात तुझं पान मांडलं जाणार नाही."